नऊ सामने, एक गोल

१९७२-७३ साली आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ हरला. आम्ही ४३ गोल खाल्ले आणि एक मारला. हे आकडे माझ्या आठवणीतले नाहीत. आठवणीत तर आम्ही शंभरेक गोल खाल्लेत. मी बॅकला खेळायचो, त्यामुळं प्रत्येक गोल माझ्या डाव्या नाहीतर उजव्या अंगानं गेलेला आहे, आणि अशा गोष्टी माणसाला दुप्पट झाल्यासारख्या वाटतात.

आकडे मिळाले ते रजिस्टरात. कॉलेजच्या जिमखान्याची जुनी पत्र्याची खोली पाडायची ठरली तेव्हा मी सहज तिकडं गेलो होतो. शिपाई रद्दीचे गठ्ठे बांधत होता. त्यात लाल कापडी पाठीचं, कोपरा उंदरांनी खाल्लेलं एक रजिस्टर दिसलं. उघडलं तर आमच्या सरांचं अक्षर. तारीख, गाव, निकाल, खेळाडूंची नावं, पुढं भत्त्याची रक्कम आणि सही. आठव्या सामन्यापुढं ‘गोल’ या रकान्यात आमच्या राइट-आउटचं नाव होतं. ते वाचून मी तिथल्या मोडक्या बाकावर बसलो. पण त्या नोंदीकडं मी नंतर येतो, आधी बाकीचं सांगायला पाहिजे.

आमचं कॉलेज सांगली जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, दुष्काळी पट्ट्यात. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं आणि त्यानंतर दहाएक वर्षांत तालुक्या-तालुक्याला कॉलेजं उभी राहिली, त्यातलंच एक. दगडी इमारत अर्धी, बाकी पत्रा. मैदान म्हणाल तर मुरमाचा माळ. पडलं की गुडघ्याची साल निघायचीच. त्या भागातल्या पोरांचे खेळ दोन, कुस्ती आणि हुतूतू. फुटबॉल आम्ही वर्तमानपत्रात सुद्धा कधी पाहिला नव्हता.

तो आणला सरांनी. सर कोल्हापूरचे, पेठेत वाढलेले. कोल्हापुरात फुटबॉल हा संस्थानच्या काळापासूनचा खेळ आहे आणि त्याची गंमत अशी की तो तालमींनी पोसला. ज्या तालमीत सकाळी पोरं लाल मातीत जोर काढतात, त्याच तालमीच्या नावानं दुपारी बूट घालून मैदानात उतरतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटेल कुस्तीच्याच तालमी असतील. तिथं पेठेची इज्जत चेंडूवर लागलेली असते. १९४० साली राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघालं आणि या पेठांच्या ईर्ष्येला एक शिस्तीचं अंगण मिळालं. आमचे सर या अंगणात खेळलेले. नोकरीसाठी आमच्या माळावर येऊन पडले, तर पहिल्याच वर्षी त्यांनी चार बांबू उभे केले आणि आडवे दोर बांधून म्हणाले, “मर्दानो, ह्यो गोल.”

कबड्डीच्या, म्हणजे आमच्या हुतूतूच्या, संघात ज्यांची निवड झाली नाही त्यांना सरांनी फुटबॉलात घेतलं. मी त्यातला. आम्ही चेंडू कमी आणि माणूस जास्त धरायचो. सर शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे. “आरं सोड त्येला! हुतूतू हाय व्हय ह्ये?”

बहात्तरच्या आधीची दोन वर्षं पाऊस असातसाच होता. बहात्तरला तो आलाच नाही. जूनमध्ये एकदा भुरभुर झाली, लोकांनी घाई करून बाजरी पेरली, ती वीतभर होऊन वाळली. गणपतीपर्यंत विहिरींनी तळ दाखवला. आमच्या भागाला दुष्काळ नवा नाही, पण त्या साली म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा तोंडावर हात ठेवला.

कॉलेजात आम्हाला दुष्काळ पहिल्यांदा दिसला तो डब्यात. आमच्यातली निम्मी पोरं खोल्या घेऊन राहायची आणि जेवणाचा डबा रोज सकाळच्या एस.टी.नं गावाकडून यायचा. कंडक्टर ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग लावायचा. डब्याला ओळखीसाठी रंगीत चिंधी बांधलेली असे. माझ्या डब्याला आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ होता. आधी डब्यातली कालवणं पातळ झाली. मग भाकरी पांढरीची लाल झाली. ती मिलो. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी आली होती, तिचं पीठ भाकरीला चिकट येत नाही, थापताना चिरा पडतात, आणि चव कडवट. पोरं भाकरी लपवून खायची, जणू काही ती एकट्याच्याच घरी आली होती. सगळ्यांच्याच डब्यात तीच आहे हे कळायला आठवडा गेला. मग एकेक करून डबे यायचे थांबले. सकाळच्या गाडीला उभं राहायचं, कंडक्टर नुसती मान हलवायचा.

अशात विभागीय सामने आले. कोल्हापूरला.

कोल्हापुरात उतरलो तर सामन्याला दोन तास होते. सर म्हणाले, चला, रंकाळा दाखवतो. आमच्यातल्या कितीतरी पोरांनी एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर सगळी टीम उभी राहिली आणि कुणी काही बोलेना. आमचा राइट-आउट पायऱ्या उतरून खाली गेला, ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि परत ओंजळ भरून तसाच बसून राहिला. सर घड्याळाकडं बघत होते, पण हाक मारत नव्हते. आम्ही मैदानात पोचलो तेव्हा पंच चिडलेला होता.

तो सामना आम्ही ७-० हरलो. समोरच्या संघातली सात-आठ पोरं तालमीतनं खेळणारी. चेंडू त्यांच्या पायाला बांधल्यासारखा. आमच्याकडं बुटांचे सातच जोड होते, बाकीचे कॅनव्हासवर. बघणारे कोल्हापुरी लोक, ते काय गप्प बसतात! मी एकदा चेंडू सोडून फॉरवर्डच्या कमरेला मिठी मारली तर कडेनं आवाज आला, “पैलवान, खासबाग तिकडं हाय!” अख्खं मैदान हसलं. पाचव्या गोलनंतर तेच लोक आमच्या गोलकीपरला “शाब्बास रं वाघा” म्हणायला लागले. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

पण खरी गोष्ट सामन्यानंतरची आहे. सरांनी प्रत्येकाच्या हातावर साडेतीन रुपये ठेवले. परगावी सामन्याला गेलं की जिमखान्याच्या पैशातून भत्ता द्यायचा नियम होता. खानावळीत तेव्हा सव्वा रुपयात पोटभर ताट मिळायचं. गव्हाची चपाती, भात, आमटी, आणि वाढपी ‘घ्या की पावनं’ म्हणत दुसऱ्यांदा यायचा. आम्ही पंधरा जण जेवत होतो आणि कुणाच्याही तोंडून अवाक्षर निघत नव्हतं. गोलकीपर, ज्यानं सात गोल खाल्ले होते, त्यानं अकरा चपात्या खाल्ल्या. मोजल्या मी. उरलेल्या पैशांतून कुणी शेंगदाणे घेतले, कुणी बांधून ठेवले.

विभागीय स्पर्धेत एकदा हरलं की संपलं. म्हणजे आमचा हंगाम त्या दिवशीच संपायला हवा होता. पण परतीच्या गाडीत सर मागं येऊन बसले आणि म्हणाले, “लेको, आपल्याला सराव कमी पडतोय. आपण आता मैत्रीचे सामने घ्यायचे. मिरजेला, सांगलीला, इचलकरंजीला, कराडला. पत्रं लिहितो मी.” आम्हाला वाटलं, सरांना हार सोसलेली नाही.

जिमखान्याचा निधी म्हणजे आमचीच वर्गणी, दोन-तीन वर्षं साचलेली. खरं तर त्यातून बूट घ्यायचे ठरले होते, गोलला जाळी घ्यायची होती. चेंडूचं कातडं उसवून आतला ब्लॅडर बाहेर डोकवायचा. गावातल्या चांभारानं तो इतक्या वेळा शिवला होता की चेंडू सरळ घरंगळायचाच नाही. आम्ही सरांकडं शिष्टमंडळ घेऊन गेलो, की सामने नंतर, आधी बूट घ्या. सर म्हणाले, “बूट घेतले तर भत्ता न्हाई. बोला.” आम्ही एकमेकांकडं बघितलं. राइट-आउट म्हणाला, “सर, चेंडू चांगला हाय अजून.”

माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याला हे सांगितल्यावर त्यानं मला अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. १९१६ साली तिथं कंबरलँड नावाच्या कॉलेजनं अटलांटाला जाऊन जॉर्जिया टेककडून २२२-० असा मार खाल्ला. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा. कदाचित आम्हाला तो जमला असता. कंबरलँडनं खरं तर आपला संघच बंद केलेला होता, पण ठरलेला सामना खेळला नाही तर ३००० डॉलर भरावे लागले असते. मग पोरं गोळा केली आणि गेले मार खायला. नातवाला ते हसण्यासारखं वाटत होतं. मला त्या पोरांची ओळख पटली. ते दंड वाचवायला गेले, आम्ही भत्ता मिळवायला.

दिवाळीपर्यंत चार सामने झाले, चारही हरलो. दिवाळीला घरी गेलो तर घराला कुलूप. आई-वडील, थोरली वहिनी, सगळी खडीच्या कामावर. त्या वर्षी सरकारनं जागोजाग दुष्काळी कामं काढली होती. खडी फोडणं, रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव. मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना वि. स. पाग्यांनी आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात आधी करून पाहिली होती. पुढं १९७७ साली तिचा रोजगार हमीचा कायदा झाला. पुढच्या उन्हाळ्यात, त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, राज्यभरात अशा कामांवरची माणसं ५० लाखांच्या घरात गेली होती. पुस्तकात हा आकडा वाचताना काही वाटत नाही. मी बघितलं ते असं, की माळावर नजर जाईल तिथपर्यंत बायामाणसं उकिडवी बसलेली, प्रत्येकाच्या पुढं दगडाचा ढीग, आणि हातोड्यांचा आवाज सारखा चाललेला. आईनं बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दुपारी पोरांना सुकडी वाटायचे, ती तिनं माझ्यासाठी पदरात बांधून ठेवलेली. मी वीस वर्षांचा घोडा. खाल्ली.

राइट-आउटचं गाव आमच्या शेजारचंच. बाप नव्हता. आई आणि एक धाकटी बहीण. आई कामावर उन्हानं चक्कर येऊन पडली आणि तिच्या जागी हा बसला. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा मी त्याला बोलवायला गेलो. हातातला हातोडा खाली न ठेवताच तो म्हणाला, “सरास्नी सांग, म्होरल्या आठवड्यात येतो.” त्याची दोन्ही तळहातं फुटली होती. आमच्या संघात पळणारा असा तो एकच होता. बाकीचे आम्ही नुसते धावायचो.

तो आला नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन गेले. हॉकीच्या मैदानावर नाही, परीक्षेला नाही, कुठंच दिसले नाहीत. पाचव्या सामन्यापासून अकरा भरताना नाकी नऊ यायला लागले. लायब्ररीत पुस्तकं लावणारा एक चष्मेवाला पोरगा आम्ही गोलात उभा केला, कारण जुना गोलकीपर बॅकला लागत होता. चष्मा काढला की त्याला चेंडू दिसायचा नाही, आणि घातला की भीती वाटायची.

पाचव्या सामन्याच्या दिवशी एस.टी.त सरांनी रजिस्टर उघडलं. पंधरा नावं लिहिलेली होती, गाडीत आम्ही अकराजण. सर माझ्या शेजारी येऊन बसले. राइट-आउटच्या नावापुढं बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. काही बोलले नाहीत. मी त्याची सही केली. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून जपून केली. बाकीच्या तिघांच्या सह्या आणखी कुणी कुणी केल्या. शनिवारी मी गावी गेलो की साडेतीन रुपये त्याच्या आईच्या हातात द्यायचे. विचारलं तर सांगायचं, कॉलेजचे आहेत, त्याचे मागचे राहिले होते.

ही लबाडी होती. मी पुढं तीस वर्षं सरकारी नोकरी केली, हजेरीपट किती तरी तपासले, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याच हिवाळ्यात आमच्या खडीच्या कामावरचा मुकादम मस्टरवर खोटी नावं घालून पैसे उचलायचा. माझ्या आईचे दोन दिवस त्यानं असेच गिळले. आम्ही त्याला शिव्या देत होतो, आणि दुसऱ्या दिवशी मी एस.टी.त बसून खोटी सही करत होतो. दोन्हींत फरक आहे, हे मलाही कळतं. पण कागदावर दोन्ही सह्या सारख्याच दिसतात.

आठवा सामना जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, मिरजेला. उत्तरार्धात आम्हाला कॉर्नर मिळाला. अख्ख्या हंगामात क्वचितच मिळालेला. आमच्या लेफ्ट-हाफनं मारला, वारा होता, चेंडू त्या शिवलेल्या बाजूमुळं मध्येच वळला आणि त्यांच्या बॅकनं बाहेर काढायला म्हणून डोकं लावलं तर तो त्यांच्याच गोलात. मैदान क्षणभर गप्प. मग आम्ही असे नाचलो की जणू सामना जिंकला. ४-१ हरलो होतो.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, “गोल तर झालाय मर्दानो. रजिस्टरात नाव कुणाचं घालू?” लेफ्ट-हाफ म्हणाला, माझं नको, लोक हसतील. सर हसले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं. नवव्या सामन्यानंतर निधी संपला. सर तसं म्हणाले नाहीत, म्हणाले, “आता परीक्षा जवळ आल्या.” त्या वर्षीच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात क्रीडा विभागाच्या वृत्तांतात फुटबॉलबद्दल एकच ओळ होती. संघानं विविध ठिकाणी सहभाग घेतला, एवढीच.

तर मोडक्या बाकावर बसून मी वाचत होतो ती नोंद ही. गोल, राइट-आउट. सही त्याची, म्हणजे माझी. सरांनी असं का लिहिलं? माझा व्यवहारी अंदाज असा, की हिशेब तपासणाऱ्यानं विचारलंच तर गोल मारणारा माणूस मैदानात नव्हता असं कोण म्हणेल? दुसरंही कारण असू शकतं. सर जाऊन बरीच वर्षं झाली. विचारायला कुणी उरलं नाही.

राइट-आउट अजून आहे. तो कॉलेजात परत आलाच नाही. खडीवरून पाझर तलावावर गेला, तिथून ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. आता गावातच असतो, गुडघे गेलेत. रजिस्टर सापडलं त्या आठवड्यात मी त्याच्याकडं गेलो. अंगणात बाजेवर बसून सगळं सांगितलं, सह्यांचंसुद्धा. तो बराच वेळ ऐकत होता. पैशाचं त्यानं काही काढलं नाही. आईनं त्याला तेव्हाच सांगितलं होतं, त्याचे असे कुठलेच पैसे राहिले नव्हते हे त्याला ठाऊक होतं.

“म्हंजी,” तो म्हणाला, “मी हितं खडी फोडत हुतो, आन तिकडं मिरजंला गोल मारला?”

“कागदावर तसंच आहे.”

“कुठल्या पायानं?”

मी म्हणालो, ते लिहिलेलं नाही.

“उजव्या,” तो म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला हाक मारली.